पँथर आधी मतपत्रिकेवर होता

साठच्या दशकातल्या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय तरुणांची सर्रास दोन गटांत वाटणी केली जाते. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यामागे गेले ते मवाळ, मार खाणारे. बंदुकीकडे वळले ते जहाल. किंग यांच्या बाजूचे म्हणजे भिडस्त, हे तर गृहीतच.

नॅशव्हिल शहरात तरुणांना दिल्या गेलेल्या अहिंसक प्रतिकाराच्या तालमी मात्र वेगळंच सांगतात. त्या घेणारे जेम्स लॉसन सक्तीची लष्करभरती नाकारून तुरुंगात जाऊन आलेले. पुढे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात राहून त्यांनी सत्याग्रहाचा अभ्यास केला. (आपल्याकडे हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.) तालमीत काहींनी गप्प बसायचं, बाकीच्यांनी त्यांना शिव्या द्यायच्या, ढकलायचं, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा. खाली पाडलं तर डोकं कसं झाकायचं, हेही शिकवलं जाई. फेब्रुवारी १९६० मध्ये तालमीतली ही तरुण मुलं गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या खाणावळीच्या टेबलांवर जाऊन बसली. अटक झाल्यावर अनेकांनी दंड न भरता तुरुंग पत्करला. मे महिन्यात त्यांतल्या काही खाणावळी सगळ्यांना खुल्या झाल्या.

अहिंसक चळवळीच्या आसपास शस्त्र नव्हतं, हेही खरं नाही. १९५६ मध्ये घरावर बाँब पडल्यावर खुद्द किंग यांनी पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला होता. तो फेटाळला गेला. १९६४ पासून लुइझियानातल्या जोन्सबरो गावात ‘डीकन्स फॉर डिफेन्स’ या कृष्णवर्णीयांच्या गटाचे बंदूकधारी अहिंसक कार्यकर्त्यांना राखत होते.

‘ब्लॅक पॉवर’ म्हणजे कृष्णवर्णीयांच्या सत्तेची घोषणा देणारे जहाल कुणी निराळे होते, हा समज तर पुरता चुकीचा. १९६६ मध्ये ती घोषणा गाजवणारा स्टोकली कारमायकल १९६१ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, बसप्रवासातल्या वर्णभेदाला आव्हान देणारा अहिंसक ‘फ्रीडम रायडर’ म्हणून मिसिसिपीच्या तुरुंगात होता.

आणि बंदुकीसाठी ओळखल्या जाणाऱ्या ‘ब्लॅक पँथर’ पक्षाचा पँथर? अलाबामातल्या लाउंड्स काउंटीत कृष्णवर्णीय बहुसंख्य, पण १९६५ च्या सुरुवातीला मतदारयादीत त्यांच्यातला एकही नव्हता. कारमायकल आणि त्याच्या साथीदारांनी नोंदणी सुरू केली, स्थानिकांनी पक्ष काढला. अनेकांना वाचता येत नसल्याने तिथे मतपत्रिकेवर चिन्ह लागे. डेमोक्रॅटिक पक्षाचा पांढरा कोंबडा, यांचा काळा पँथर. ऑक्टोबर १९६६ मध्ये ओकलंडच्या ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी आपल्या ‘ब्लॅक पँथर’ पक्षासाठी ते चिन्ह उचललं, सोबत बंदूक आली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने नाव घेतलं ते याच ओकलंडच्या पँथरवरून.

लाउंड्सचा पक्ष १९६६ ची निवडणूक हरला. १९७० मध्ये त्याचे पहिले अध्यक्ष जॉन ह्यूलेट त्याच काउंटीचे शेरीफ म्हणून निवडून आले.