पाटणचे भुंगे आणि केंटकीची गुहा

अमेरिकेत केंटकी राज्यात मॅमथ केव्ह ही अफाट गुहा आहे. विल क्रॉदर तिथे उतरून गुहेची मोजणी करायचा. पोटापाण्यासाठी तो प्रोग्रॅमर होता आणि इंटरनेटच्या पूर्वजावर, अर्पानेटवर काम करत होता. घटस्फोट झाला, मुली दुरावल्या. त्यांच्याशी धागा राहावा म्हणून १९७५-७६च्या सुमारास त्याने फोरट्रानमध्ये एक खेळ लिहिला. त्यात चित्र नव्हतं, आवाज नव्हता. तुम्ही कुठे उभे आहात ते पडद्यावर उमटायचं आणि पुढे काय करायचं ते तुम्ही एकदोन शब्दांत टाइप करायचं. १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सने त्यात भर घातली. या ‘ॲडव्हेंचर’ने झपाटलेल्या एमआयटीतल्या चौघांनी मग ‘झॉर्क’ रचला.

काळ्या पडद्यावरच्या हिरव्या अक्षरांची ओढ अजून सुटत नाही, ती काही केवळ जुन्या दिवसांची हुरहुर नव्हे. दिव्याची बॅटरी संपत आलेली, वाट चुकलेली, आणि मजकूर तुमच्या उत्तरासाठी थांबलेला. वाचकाला इतका मान फार थोड्या लेखनाने दिला आहे.

खानदेशात मात्र असा मान देणारा मजकूर आठशे वर्षांपूर्वीच नांदत होता. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणला शके ११२८चा (इ.स. १२०६-०७) शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी इथे मठ काढला, ही त्यातली नोंद. लेख संस्कृतात, पण मठाला दिलेल्या उत्पन्नाचा तपशील जुन्या मराठीत आहे. गणित टिकावं म्हणून बाजारातून दान लावून देणारं हे गाव!

या मठात ज्या ग्रंथांसाठी एवढा खटाटोप झाला, त्यातल्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) भास्कराचार्य समोरच्या मुलीला संबोधून कोडी घालतात. भुंग्यांच्या थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ मालतीकडे गेलं, थव्याचे आठ-नवमांश भुंगेही तिकडेच गेले. एक भुंगा सुगंधाला भुलून रात्री कमळात अडकला आणि बाहेर भुंगी गुणगुणते आहे. सांग, थवा केवढा? मालतीकडे सहा आणि चौसष्ट, कमळापाशी ही जोडी, म्हणून उत्तर ७२. त्या जोडीची कणव वाटल्याशिवाय गणित पुढे सरकत नाही. मला यात मजकूर-खेळाचं बीज दिसतं. क्रॉदरने ‘लीलावती’ वाचली होती, असं मला मुळीच म्हणायचं नाही.

मग मराठीत असा खेळ का रुजला नाही? संगणकावर देवनागरी उमटवण्याची सोय पुण्याच्या सी-डॅकच्या ‘जिस्ट’ तंत्राने ऐंशीच्या दशकाअखेरीस आणली, पण अडचण व्याकरणाचीही होती. जुना ‘ॲडव्हेंचर’ शब्दाची पहिली पाचच अक्षरं तपासायचा, कारण तो ज्या यंत्रावर लिहिला त्याच्या ३६ बिटांच्या एका कप्प्यात तेवढीच मावत. इंग्रजीत तेवढ्यावर भागतं. मराठीत ‘कंदील’ विभक्ती लागताच ‘कंदिला’त बदलतो, दुसऱ्या अक्षरालाच फरक पडतो आणि क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. म्हणजे यंत्राने आधी सामान्यरूप ओळखायचं आणि मगच हुकूम समजून घ्यायचा.

हे आज जमण्याजोगं आहे. असे खेळ रचण्याचं ग्रॅहम नेल्सन यांचं ‘इन्फॉर्म’ (१९९३) फुकट मिळतं. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातल्या मराठीच्या आणि संगणकाच्या विद्यार्थ्यांनी एकत्र बसून पाटणच्या मठाचा खेळ रचावा. आज्ञा मराठीत द्याव्यात तशा अहिराणीतही देता याव्यात, आणि पहिल्याच दालनाचं दार ७२ म्हटल्यावर उघडावं.