घडवते भोपाळ, बोली लागते दुसरीकडे

ऑक्टोबर 2024 मध्ये हॉकी इंडिया लीगचा लिलाव झाला, तेव्हा विवेक सागर प्रसादला सूरमा हॉकी क्लबने 40 लाख रुपयांना घेतले. विवेक इटारसीजवळच्या चांदोन गावचा. ध्यानचंदांचे चिरंजीव, ऑलिंपिकपटू अशोक कुमार यांनी त्याला अकोल्यातल्या एका स्पर्धेत हेरले आणि भोपाळच्या राज्य हॉकी अकादमीत आणले. पुढे टोकियो आणि पॅरिस, अशा दोन ऑलिंपिकमध्ये तो ब्राँझ जिंकणाऱ्या संघात होता. लिलावातली रक्कम हे खेळाडूचे मानधन असते आणि ते पूर्णपणे त्याचेच असायला हवे. मात्र ज्या संस्थेने त्याला मुलगा असताना मैदान आणि प्रशिक्षक दिले, तिचा या व्यवहारात काडीचाही वाटा नसतो. माझ्या मते, आपल्या हॉकीच्या बाजारातली सर्वांत मोठी उणीव हीच आहे.

भोपाळने ही उणीव पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ध्यानचंदांच्या संघात या गावचे अहमद शेर खान होते. त्यांचे पुत्र अस्लम शेर खान यांनी 1975 च्या विश्वचषकात मलेशियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात बरोबरीचा गोल केला. भोपाळ वाँडरर्ससारखे क्लब आणि औबेदुल्ला खान सुवर्णचषकासारखी स्पर्धा संस्थानी आश्रयावर उभी राहिली. आश्रय सरला, तसे चांगले खेळाडू रेल्वे, पोलीस, विमान कंपन्यांच्या संघांकडे नोकरीसाठी गेले. घरी चूल पेटायला पगार लागतो, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. 2012 मध्ये वर्ल्ड सिरीज हॉकीत ‘भोपाळ बादशाह’ हा संघ पुणे स्ट्रायकर्ससह आठ संघांत उतरला. ती स्पर्धा एकाच हंगामात आटोपली. 2024 च्या लिलावात तर भोपाळच्या नावाचा संघच नव्हता.

फुटबॉलमध्ये दोन हंगामांच्या मधल्या काळात खेळाडूंची देवघेव होते, तिचा पाया वेगळा आहे. करार चालू असलेला खेळाडू हवा असेल, तर नवा क्लब जुन्या क्लबाला मोबदला देतो. 1995 च्या बोसमन निकालाने युरोपात करार संपलेल्या खेळाडूला मोकळे केले, हेही न्याय्यच झाले. पण फिफाची एक तरतूद आपल्याला विशेष उपयोगी आहे. करार चालू असताना खेळाडू परदेशातल्या क्लबाकडे गेला, की मोबदल्यातले 5 टक्के त्याला वयाच्या 12 ते 23 वर्षांत घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. पहिल्या चार वर्षांना प्रत्येकी त्या रकमेचा विसावा हिस्सा आणि पुढच्या आठ वर्षांना प्रत्येकी दहावा. म्हणजे गल्लीतला क्लबसुद्धा वर्षांच्या हिशेबाने वाटेकरी होतो.

हॉकी लिलावात क्लबाकडून क्लबाकडे पैसा जातच नाही, तेव्हा हा नियम जसाच्या तसा लागू करता येणार नाही, हा आक्षेप मान्य आहे. उपाय मात्र सोपा आहे. 2024 मध्ये पुरुषांच्या प्रत्येक संघाला खेळाडूंसाठी 4 कोटींची आणि महिलांच्या संघाला 2 कोटींची खर्चमर्यादा होती. मानधनाला हात न लावता त्यावर 5 टक्के वेगळे द्यायचे ठरवले, तर वाटा 20 आणि 10 लाख होतो. पुरुषांचे आठ आणि महिलांचे चार संघ धरले, तर जास्तीत जास्त 2 कोटी. संघ आधीच तोट्यात आहेत, त्यांच्यावर आणखी भार कशाला, असे कोणी म्हणेल. 2017 नंतर ही लीग बंद पडली होती, ती सात वर्षांनी पुन्हा सुरू झाली, हे विसरून चालणार नाही. तरीही नवे खेळाडू तयार झाले नाहीत, तर उद्या बोली लावायची कोणावर? दुसरा आक्षेप असा, की भोपाळची अकादमी सरकारी आहे, तिचा खर्च करदाते करतातच. पण म्हणूनच खासगी संघांना आयता लाभ मिळतो, आणि गावोगावच्या छोट्या क्लबांकडे तर सरकारी तिजोरीही नाही.

त्यासाठी प्रत्येक खेळाडूची वर्षवार नोंद लागेल, म्हणजे विवेकच्या बाबतीत इटारसीची वर्षे वेगळी आणि भोपाळची वेगळी मोजता येतील. पुढच्या लिलावाच्या नियमावलीत हे कलम हॉकी इंडियाने घालावे, आणि त्याची पहिली मागणी मध्य प्रदेशच्या क्रीडा खात्याने करावी.