रुग्णालयातून घरी जाताना

मांडीचे हाड मोडल्याने आमच्याकडे दाखल झालेल्या एका वृद्ध आजींची शस्त्रक्रिया उत्तम पार पडली. वॉकर घेऊन त्या व्हरांड्यात चालू लागल्या आणि समाधानाने घरी गेल्या. काही आठवड्यांतच त्या परत आल्या, त्या मनगट मोडून. रात्री मोरीकडे जाताना वॉकर चार बोटे उंचीच्या उंबरठ्याला अडला होता. हाड आम्ही नीट बसविले होते. घरात उंबरठे किती, हे मात्र कोणीही विचारले नव्हते. ही उणीव या अहवालात नमूद करणे आम्हांस कर्तव्य वाटते.

तेव्हापासून रुग्णास घरी पाठविण्यापूर्वी आम्ही नातेवाइकांकडे घराविषयी चौकशी करतो. पलंगावर बसल्यावर दोन्ही पावले जमिनीस पूर्ण टेकतात काय? गादी जमिनीवर असेल, तर उठताना सांध्यावर अकारण ताण येतो. पलंग ते न्हाणीघर या वाटेवर रात्रभर मंद दिवा असतो काय? वृद्धांचा रक्तदाब एकदम उठून उभे राहिल्यास उतरू शकतो. त्यात अंधार आणि सरकणारे पायपुसणे यांची भर पडली की तोल जातो.

सर्वाधिक दक्षता न्हाणीघरात हवी. साबणाच्या पाण्याने शहाबादी फरशीही निसरडी होते, मग गुळगुळीत टाइल्सची काय कथा! स्नानासाठी पाठीची भक्कम खुर्ची, खाली घट्ट बसणारी रबरी चटई आणि भिंतीत पक्का बसविलेला आधाराचा दांडा एवढे पुरे आहे. टॉवेलचा दांडा माणसाचे वजन पेलत नाही, हे वारंवार सांगावे लागते. सांधा बदललेल्यांना उकिडवे बसणे बहुधा वर्ज्य असते. त्यांच्यासाठी कमोडची खुर्ची घ्यावी. यामागे केवळ सुरक्षितता नाही. स्वतःचे स्नान स्वतः करता येणे, सुनेला हाक न मारता पाण्याचा तांब्या हाती येणे, यांवर वृद्धांचा आत्मसन्मान अवलंबून असतो. अनेकजण रात्री उठावे लागू नये म्हणून पाणीच कमी पितात. ही गोष्ट ते डॉक्टरांनाही सांगत नाहीत.

औषधांसाठी उजेडातील, मुलांच्या हाती न लागणारा एकच कप्पा ठरवावा. इन्सुलिनच्या न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्यात. बर्फाच्या कप्प्यात कदापि नकोत. फ्रिज नसल्यास मातीच्या ओल्या भांड्यात, पाणी न लागेल अशा बेताने ठेवता येतात.

दहा बाय बाराच्या खोलीत हे सारे कोठे मांडावे, हा प्रश्न रास्तच आहे. अशा घरी निदान रुग्णाची जागा खिडकीपाशी असावी. रॉजर उलरिक यांनी १९८४ साली ‘सायन्स’ नियतकालिकात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या ४६ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांना खिडकीतून झाडे दिसत, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले व त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. चाळीत झाड नसेल. गॅलरीतील तुळशीची कुंडी तरी दिसू द्यावी.

त्या आजींच्या मुलाने दोन्ही बाजूंस सिमेंटचा उतार करून घेतला. एका गवंड्याचे अर्ध्या दिवसाचे काम होते.