चेंडूशी बोलणारा पोरगा

वाचकहो, पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे मळतो. हळद आणि तूप चोळून, वर्षभर जू वाहिलेल्या जागेवरून हात फिरवतो. जनावराला बोलता येत नाही, म्हणून त्याचा खांदा आपणच बघायचा असतो. आज जी हकीकत सांगायची आहे तीही एका खांद्याचीच आहे, पण माणसाच्या. आणि तो माणूस तर भलताच बोलका होता!

अमेरिकेत आपल्या क्रिकेटसारखा बेसबॉल नावाचा खेळ चालतो. त्यात चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. तो पळत येत नाही. मैदानाच्या मध्यावर दहा इंच उंचीचा मातीचा उंचवटा असतो, त्यावर उभा राहून साठ फुटांवरच्या फलंदाजाकडे तो सगळ्या अंगाचा जोर लावून चेंडू फेकतो. टप्पा पडत नाही, चेंडू सरळ हवेतून जातो. एका सामन्यात प्रत्येक संघाचे नऊ डाव. बरोबरी झाली तर आणखी डाव. पिचरने शंभर-सव्वाशे वेळा तरी असा हात झोकायचा. खांद्याचे काय होत असेल ते तुम्हीच ताडा.

मार्क फिड्रिच हा मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या नॉर्थबरो गावचा. जन्म १९५४ सालचा. उंच, हडकुळा, डोक्यावर पिवळ्या कुरळ्या केसांचे टोपले. तिकडच्या मुलांच्या टेलिव्हिजन कार्यक्रमात ‘बिग बर्ड’ नावाचा मोठा पिवळा पक्षी असे, त्यावरून एका प्रशिक्षकाने त्याला ‘पक्षी’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडले. १९७४ साली डेट्रॉईट टायगर्स या संघाने त्याला निवडले. दोन वर्षे खालच्या दर्जाच्या सामन्यांत काढून १९७६ साली तो मेजर लीगमध्ये, म्हणजे अगदी वरच्या दर्जाच्या स्पर्धेत आला. १५ मे रोजी पहिल्यांदा त्याच्या हाती सुरुवातीपासून चेंडू दिला. क्लीव्हलँडच्या संघाला सबंध सामन्यात त्याने दोनच फटके मारू दिले आणि सामना २-१ असा जिंकला.

पण लोकांनी डोक्यावर घेतले ते त्याच्या वागण्यामुळे. डाव सुरू झाला की हा गडी गुडघे टेकून बसे आणि उंचवट्यावरची माती हाताने सारखी करी, जणू बी टाकून वाफा निपटतो आहे. मग चेंडू तोंडासमोर धरून काहीतरी पुटपुटे. त्याच्या चेंडूवर फलंदाजाने फटका मारला, तर तो चेंडू पंचाकडे परत करी. म्हणे याच्यात फटका शिल्लक आहे, थोडा वेळ पिशवीतल्या दुसऱ्या चेंडूंत राहू दे, शहाणा होईल! सोबत्याने चांगला झेल घेतला की जाऊन त्याचा हात हातात घेई. यात नाटक किती असे विचाराल, तर मला वाटते, मुळीच नाही. पोरगा होताच तसा.

२८ जूनला न्यूयॉर्क यांकीज या बलाढ्य संघाशी सामना झाला, तो देशभर टेलिव्हिजनवर दिसला. मैदानात सत्तेचाळीस हजारांवर लोक. मार्क ५-१ने जिंकला. सामना संपला तरी लोक घरी जाईनात, त्याला पुन्हा मैदानात यायला लावले. त्या वर्षी घरच्या मैदानावर त्याने टाकलेल्या अठरा सामन्यांना मिळून सहा लाखांवर माणूस लोटले. संघाची तिकिटे भराभर खपत होती. आणि पोराचा पगार? नवख्याला देतात तो सर्वांत कमी, वर्षाला साडेसोळा हजार डॉलर.

आता खरी गोष्ट. त्या वर्षी त्याने २९ सामने सुरू केले आणि त्यांतले २४ शेवटपर्यंत एकट्याने टाकले. मेअखेर आणि जूनच्या प्रारंभी, पाच दिवसांच्या अंतराने, लागोपाठचे दोन सामने त्याने अकरा-अकरा डाव रेटले. वय बावीसही पुरे नव्हते. खोंड अंगात भरल्याशिवाय आपण त्याला नांगराला जुंपत नाही, आधी कोळप्याला धरतो. तिथे मात्र पोरगा ‘हो’ म्हणत होता, लोक टाळ्या पिटत होते, मग थांबवणार कोण? त्या काळी रीतच तशी होती, हे खरे. आज शंभराच्या आसपास चेंडू झाले की पिचरला बहुधा बाहेर बोलावतात. वर्षाला २४ पूर्ण सामने टाकणारा आता कोणी उरलेला नाही.

मार्कने १९ सामने जिंकले, ९ हरले. वर्षाचा उत्कृष्ट नवा खेळाडू म्हणून त्याचा गौरव झाला.

पुढच्याच मार्चमध्ये सरावात गुडघा दुखावला. शस्त्रक्रिया झाली, मेअखेर तो परत आला. सहा आठवडेही झाले नाहीत तोच जुलैमध्ये एका सामन्यात हात एकाएकी मेल्यासारखा झाला. दुखरा गुडघा सांभाळताना खांद्यावर जास्त भार आला, असे अनेकांचे मत आहे. डॉक्टरांनी पाहिले, विश्रांती दिली, पण नेमके दुखणे सापडेना. पुढची तीन वर्षे तो येई, चार सामने टाकी, पुन्हा बसे. १९८० नंतर वरच्या स्पर्धेत तो दिसला नाही. तरी खालच्या संघांतून धडपडत राहिला आणि १९८३ साली, अठ्ठावीस वर्षांचा असताना, त्याने खेळ सोडला. पाच हंगामांत मिळून जिंकलेले सामने २९, आणि त्यांतले १९ पहिल्या वर्षीचे.

१९८५ साली डॉ. जेम्स अँड्र्यूज यांनी खांदा तपासला. सांध्याला धरून ठेवणारे स्नायूबंध फाटलेले निघाले. इतकी वर्षे तो फाटक्या खांद्यानेच चेंडू फेकत होता. आता शिवून उपयोग नव्हता.

खेळातल्या पैशातून त्याने गावाकडे शंभर एकरांहून अधिक शेत घेतले होते. तिथेच तो राहिला. लग्न केले, एक मुलगी झाली. दहा चाकी मालट्रक घेतला आणि खडी-माती वाहू लागला. कोणी ओळखून विचारले तर हसून बोले. कोणावर राग धरल्याचे कधी ऐकू आले नाही.

१३ एप्रिल २००९ रोजी तो आपल्या ट्रकखाली शिरून काम करत होता. आपल्या ट्रॅक्टरला मागे जो फिरता दांडा असतो, ज्यावर मळणी यंत्र चालते, तसाच दांडा त्या ट्रकलाही होता आणि तो फिरत होता. त्यात मार्कचे कपडे अडकले आणि गुदमरून तो गेला. वय ५४. वाचकहो, तुमच्या घरीही ट्रॅक्टर असेल. दांड्यावरचे झाकण मोडले असेल तर आजच बसवून घ्या, आणि इंजिन बंद केल्याशिवाय उपरण्याने, सैल सदऱ्याने किंवा पदराने त्याच्या जवळ कोणी जाऊ नका.

त्याच वर्षी १९ जूनला डेट्रॉईटच्या मैदानावर त्याच्या बायको-मुलीला बोलावले होते. सामन्याआधीचा मानाचा चेंडू टाकायला मुलगी उंचवट्यावर गेली. चेंडू टाकण्याआधी ती गुडघे टेकून बसली आणि तिने तिथली माती हाताने सारखी केली.