गोळी तीच, लॉट वेगळा

फ्रान्समधल्या शातोरू इथल्या रेंजवर १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे ५० मीटर रायफल थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत उतरला आणि ४५१.४ गुणांसह ऑलिंपिक कांस्यपदक घेऊन बाहेर आला. खाशाबा जाधवांच्या १९५२च्या कांस्यानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला आलेलं हे दुसरं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावोगावी मिरवणुका निघाल्या, सत्कार झाले. ज्या काडतुसावर हे पदक आलं, त्याच्याकडे मात्र कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. ते होतं .२२ लाँग रायफल. त्यातल्या शिशाच्या गोळीचं वजन जेमतेम २.६ ग्रॅम आणि नळीतून सुटतानाचा वेग आवाजाच्या वेगापेक्षाही कमी.

लांबचा नेम धरायचा तर काडतूस मोठं आणि गोळी वेगवान हवी, असा सर्वसाधारण समज आहे. स्पर्धेचा नेमबाज असा विचार करत नाही. कागदाला किंवा इलेक्ट्रॉनिक टार्गेटला भोक पाडायला फारशी ताकद लागतच नाही. गोळ्यांमागून गोळ्या एकाच ठिकाणी पडल्या पाहिजेत, एवढीच त्याची मागणी असते आणि तीच पुरवणं महाकठीण असतं.

५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. एका कड्यापासून दुसऱ्या कड्याचं अंतर ८ मिलिमीटर. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात, म्हणजे ०.८ मिलिमीटर सरकलं की एक दशांश गेला. आता गोळीचा हिशोब पाहू. सेकंदाला ३२५ मीटर वेगाने निघालेली गोळी ५० मीटर जायला ०.१६ सेकंद घेते आणि तेवढ्यात साधारण साडेबारा सेंटीमीटर खाली येते. नेम धरायचं साधन त्यानुसार लावलेलं असतं, त्यामुळे हे खाली येणं अडचणीचं नाही. अडचण होते ती पुढचं काडतूस सेकंदाला पाच मीटरने मंद निघालं तर. नुसत्या गुरुत्वाकर्षणाने ती गोळी आणखी चार मिलिमीटर खाली लागेल. अर्धा गुण गेला, आणि त्यात नेमबाजाची काहीच चूक नाही.

म्हणून या खेळात काडतूस निवडणं म्हणजे लॉट निवडणं. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या डब्यांतही प्रत्येक लॉटची दारू, शिसं, वंगण आणि पुंगळीच्या काठातला स्फोटक लेप यांत बारीकसा फरक राहतो. शिवाय गोळी सुटताना नळी थरथरते आणि प्रत्येक नळीची थरथर निराळी असते. एका रायफलीला मानवलेला लॉट शेजारच्या रायफलीला मानवेलच असं नाही. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला एली आणि जर्मनीत शोनेबेकला लापुआ या कंपन्यांची चाचणी केंद्रं आहेत. तिथे रायफल शिकंज्यात घट्ट बसवतात, एकेका लॉटच्या गोळ्या झाडतात आणि टार्गेटवरचा पुंजका किती आवळ आला ते मोजतात. माणसाचा हात, श्वास, नाडी यांना इथे वावच नसतो. मग पसंत पडलेल्या लॉटची हजारो काडतुसं एकदम खरेदी करायची, कारण तो संपला की पुन्हा मिळत नाही.

मग गोळी मंद का ठेवायची? .२२ची वेगवान काडतुसंही बाजारात मिळतात, सेकंदाला ३८० मीटरच्या आसपास जाणारी. पण वारा गोळीला किती ढकलणार, हे ती हवेत किती वेळ होती यावर ठरत नाही. हवेच्या विरोधामुळे तिला किती उशीर झाला, यावर ते ठरतं. आवाजाच्या वेगाजवळ हा विरोध एकदम वाढतो. त्यामुळे वेगवान .२२ लवकर पोहोचते खरी, पण वाऱ्याने जास्त वाहवते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे पटत नाही. मंद गोळीचीही सुटका नाहीच: ताशी दहा-बारा किलोमीटरचा आडवा वारा तिला सुमारे दोन सेंटीमीटर बाजूला नेतो, म्हणजे जवळजवळ अडीच कडी. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१०मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनचं (पालथं पडून नेम धरण्याच्या प्रकाराचं) जागतिक विजेतेपद ६००पैकी ५९७ गुणांनी पटकावलं, ते याच काडतुसाच्या प्रकारात.

अंतर ३०० मीटर झालं की .२२चा पाड लागत नाही. तिथे ८ मिलिमीटरपर्यंतचं कुठलंही कॅलिबर चालतं, तरी अनेकांची पसंती ६ मिलिमीटरच्या नॉर्मा बीआरला असते. पुंगळी आखूड, धक्का कमी, पुंजका आवळ. हजार यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, जुना भिडू .३०८ आणि २००७ साली आलेलं ६.५ क्रीडमूर यांची तुलना ठरलेली. .३०८ची गोळी जाड आणि जड असते, धक्काही जास्त देते. क्रीडमूरची गोळी बारीक, लांबट आणि हवा कापत जाणारी. तेवढ्याच वाऱ्यात ती साधारण चतुर्थांशाने कमी सरकते. नेहमीची .३०८ तिथवर पोहोचेतो आवाजाच्या वेगाजवळ घसरलेली असते आणि त्या टप्प्यावर गोळी डळमळू लागते. क्रीडमूर तिथेही ध्वनीच्या बरीच पुढे असते.

भारतात ही चर्चा बरीचशी कागदावरच राहते. ७.६२ मिलिमीटर (.३०८ याच मापात मोडते) आणि .३०३ ही लष्करी बोअरं सामान्य परवानाधारकाला बंद आहेत. ब्रिटिश राजवटीला फौजेचं काडतूस नागरिकाच्या बंदुकीत चालू द्यायचं नव्हतं. त्यातूनच .३१५ हे वेगळं काडतूस इथे रुजलं. ते मूळचं ऑस्ट्रियाच्या मॅनलिखर रायफलीचं. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची स्थापना १८६९ची. त्याची ‘केएफ’ ही खूण असलेली .३१५ काडतुसं देशभर माहीत आहेत. पिकांची राखण आणि स्वसंरक्षण यांसाठी ती ठीक आहेत. पण बोथट नाकाच्या त्या जड गोळीकडून हजार यार्डांची अपेक्षा करणं तिच्यावर अन्याय होईल.

आणि काडतूस मनाजोगतं मिळालं, तरी हवा कुणाच्या मनाजोगती नसते. वणी तालुक्यातल्या राजूरचं उदाहरण घेऊ. कोळशाच्या या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, डिसेंबरच्या पहाटे बारापर्यंत उतरतो. या दोन वेळांच्या हवेच्या घनतेत सुमारे दहा टक्क्यांचा फरक पडतो. उन्हाळ्यातली विरळ हवा गोळीला कमी अडवते, आणि तापलेल्या पुंगळीतली दारू जास्त जोराने पेटून वेगही वाढवते. दोन्हींचा परिणाम एकाच दिशेने होतो: गोळी वर लागते. कुठल्या अंतराला दुर्बीण किती फिरवायची याचा हिवाळ्यात बनवलेला तक्ता उन्हाळ्यात लांबच्या अंतरावर चुकतो. पावसाळी हवा दमट म्हणून जड, असंही अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तेवढ्याच तापमानाला आणि दाबाला पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते.

तापलेल्या काळ्या जमिनीवर दिसणारं मृगजळ मात्र नेमबाजाच्या कामी येतं. दुर्बिणीतून त्याच्या लहरी कुठल्या बाजूला वाहतात हे पाहून वाऱ्याची दिशा आणि जोर ताडता येतो. वारा ताशी वीसेक किलोमीटरच्या पुढे गेला की लहरी आडव्या पसरून एकसारख्याच दिसू लागतात आणि अंदाज घेणं अवघड होतं. कधी त्या उकळत्या पाण्यासारख्या सरळ वर चढताना दिसतात. तेव्हा एक तर वारा पडलेला असतो किंवा तो नेमका समोरून वा पाठीमागून येत असतो. त्यानंतर तो डावीकडे वळेल की उजवीकडे याचा नेम नसतो, म्हणून अनुभवी नेमबाज तेवढा वेळ चापावरचं बोट काढून घेतात.