सोलापूरचं ऊन आणि छपराखालची हाडं

लेखमाला : जिवंत सांगाडा – लेखांक ६

१९२२ साली ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ मेडिसिन’ या इंग्लंडमधल्या नियतकालिकात हचिसन आणि शाह या दोन डॉक्टरांचा एक लेख छापून आला. विषय होता मुडदूस, आणि अभ्यास झाला होता आपल्या नाशिकमध्ये. युरोपात तेव्हा मुडदुसाच्या कारणावरून मोठा वाद पेटला होता. लंडनच्या एडवर्ड मेलनबी यांनी १९१९ मध्ये कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखवलं होतं, की हा आहाराचा रोग आहे आणि कॉड माशाच्या यकृताचं तेल दिलं की तो टळतो. त्याच वर्षी बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना अतिनील किरणांच्या दिव्यासमोर बसवून बरं केलं होतं. मग खरं कारण कोणतं, अन्न की ऊन?

नाशिकमध्ये जे दिसलं ते अन्नाचा वाद घालणाऱ्यांना गोंधळात टाकणारं होतं. दिवसभर रानात राबणाऱ्या, रोज तेच ते निकस अन्न खाणाऱ्या गरीब घरांत मुडदूस आढळत नव्हता. तो होता खाऊनपिऊन सुखी असलेल्या, पडदा पाळणाऱ्या घरांत. तिथल्या तान्ह्या मुलांना ऊन लागू दिलं जात नव्हतं आणि त्यांच्या आयाही माजघराबाहेर पडत नव्हत्या. दूध-तूप असूनही त्या घरांतली हाडं मऊ राहत होती.

आज सोलापुरात राहून हा अभ्यास आठवला की मी अस्वस्थ होतो. कारण मधल्या शंभर वर्षांत चित्र फिरलं आहे. सोलापूरची कष्टकरी बाई आज रानात नाही, छपराखाली आहे. सूप मांडीवर घेऊन विडी वळणारी, यंत्रमागाच्या शेडमध्ये कांड्या भरणारी, खोलीत मशीनवर कपडे शिवणारी. नाशिकच्या सुखवस्तू घरांचा अंधार तिच्या वाट्याला आला, पण त्या घरांतलं दूध-तूप मात्र आलं नाही. हाडांवर एकाच वेळी दोन्हीकडून मार बसला.

मागच्या लेखात आपण हाड पोखरणाऱ्या आणि हाड बांधणाऱ्या पेशींची ओळख करून घेतली. बांधणाऱ्या पेशी आधी कोलॅजन नावाच्या प्रथिनाची जाळी विणतात, मग त्या जाळीत कॅल्शियम आणि फॉस्फरसचे स्फटिक बसतात. ‘ड’ जीवनसत्त्व नसेल, तर आतडं अन्नातलं कॅल्शियम नीट उचलत नाही. जाळी तयार होते, पण तिच्यात स्फटिक भरत नाहीत. भिंत रचली आणि चुनाच मिळाला नाही, अशी ही अवस्था. मुलांत ती मुडदूस म्हणून दिसते, पाय वाकतात, मनगटं जाड होतात. मोठ्या माणसांची वाढ थांबलेली असल्यामुळे हाडं सहसा वाकत नाहीत. ती दुखतात.

हे दुखणं नीट ओळखायला हवं. मांड्या, खुबे, बरगड्या, कंबर असं सगळीकडून ठणकतं. खाली बसलं की उठताना हाताचा आधार लागतो, जिना चढणं नको वाटतं, चाल बदकासारखी डोलते. स्नायूही कमजोर झालेले असतात. आपल्याकडे अशी बाई ‘कंबर धरली’ म्हणते आणि घरचे ‘वय झालं’ म्हणतात. मग वेदनाशामक गोळ्या, मलम, पट्टा, ‘मणक्यात गॅप’, असा प्रवास वर्षानुवर्षं चालतो. उतारवयात हाडं ठिसूळ होतात तो आजार वेगळा. तो सहसा हाड मोडेपर्यंत दुखत नाही. हाडं मऊ होण्याचा आजार मात्र आधीपासून दुखतो आणि वेळेत ओळखला तर बरा होतो. योग्य उपचाराने काही आठवड्यांतच फरक जाणवू लागतो. जो आजार इतका स्वस्तात बरा होतो, त्याला ‘वय झालं’ म्हणून सोडून देणं मला अन्यायाचं वाटतं.

आता उन्हाकडे वळू. सोलापूरला उन्हाची कमी नाही. तरीही ‘ड’ जीवनसत्त्व कमी कसं, हा प्रश्न सगळेच विचारतात. कातडीत हे जीवनसत्त्व तयार होण्यासाठी २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण लागतात. ते काचेतून आत येत नाहीत. सूर्य खाली असताना वातावरणाचा जाड थर त्यांना अडवतो. त्यामुळे सकाळच्या ज्या कोवळ्या उन्हात आपण बाळांना ठेवतो, त्यात ऊब असते, पण हे किरण फार थोडे. सोपी खूण म्हणजे आपली सावली. ती आपल्या उंचीहून लांब असेल तर जीवनसत्त्व फारसं तयार होत नाही. उंचीहून आखूड झाली, की काम सुरू होतं.

सोलापूर साधारण १७ अंश ४० कला उत्तर अक्षांशावर आहे. त्यावरून गणित मांडलं तर मेच्या मध्यात सकाळी सव्वानऊच्या सुमारासच सावली उंचीएवढी होते. म्हणजे उन्हाळ्यात बेचाळीस अंशांच्या दुपारी बाहेर पडण्याची गरज नाही आणि कुणी पडूही नये, उष्माघात हाडांपेक्षा आधी जीव घेतो. डिसेंबरच्या अखेरीस मात्र हीच वेळ साधारण सव्वाअकरा ते पावणेदोन एवढीच उरते. संक्रांतीच्या सुमाराला, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत भर दुपारचं जे ऊन सुखाचं वाटतं, तेच हाडांचंही ऊन.

किती वेळ? पुण्याच्या हिराबाई कावसजी जहांगीर मेडिकल रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. अनुराधा खाडिलकर आणि त्यांचे सहकारी गेली अनेक वर्षं भारतीय मुलांच्या आणि मोठ्यांच्या हाडांवर काम करत आहेत. त्यांच्या गटाने २०१८ मध्ये पुण्यातल्या पुरुषांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोजच्या कामात सहज अंगावर पडणारं ऊन तासाभराहून कमी असेल, तर ‘ड’ जीवनसत्त्वाची किमान पातळी राखणं कठीण, असा त्याचा निष्कर्ष. पाश्चात्त्य पुस्तकांतली दहा-पंधरा मिनिटं गोऱ्या कातडीसाठी आहेत. आपल्या सावळ्या कातडीतलं मेलॅनिन हे किरण आधीच शोषून घेतं. शिवाय हे पुरुष होते, हात-मान उघडी ठेवून रस्त्यावर फिरणारे. अंगभर साडी, डोक्यावर पदर किंवा तोंडाला स्कार्फ बांधणाऱ्या बाईचं गणित याहून अवघड आहे.

पण हाडाला एकटं ऊन पुरत नाही. गेल्या पंचवीस वर्षांतलं हाडांवरचं सगळ्यांत रोमांचक संशोधन मला विचाराल तर वजनाबद्दलचं आहे. हाडावर भार पडला की ते मजबूत होतं, हे युलियस वुल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ मध्येच सांगितलं होतं. हाडाला भार कळतो कसा, ते मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. उत्तर दक्षिण आफ्रिकेतल्या काही आफ्रिकान्स कुटुंबांकडून आलं. त्यांच्यातल्या काही जणांची हाडं जन्मभर वाढतच राहतात. कवटी इतकी जाड होते, की मेंदूवर दाब येतो. २००१ मध्ये त्यांच्या जनुकातला दोष सापडला. त्यांच्या शरीरात स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन तयारच होत नव्हतं. हे प्रथिन हाडाच्या आत गाडल्या गेलेल्या पेशी बनवतात. हाडांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक पेशी याच असतात आणि त्या कित्येक वर्षं तिथे जगतात. स्क्लेरोस्टिन हाडबांधणीला लगाम घालतं. हाडावर झटक्याने भार पडला की या पेशी ते कमी सोडतात, लगाम सैल होतो आणि बांधकाम सुरू होतं. या शोधातूनच रोमोसोझुमॅब हे औषध आलं. २०१९ मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली, हृदयविकाराबाबतच्या कडक इशाऱ्यासह. हाडं फार ठिसूळ झालेल्या स्त्रियांसाठी ते मोठा आधार आहे, पण महाग आहे.

तेच काम फुकट करणारी गोष्ट म्हणजे हालचाल. स्थिर भाराला हाड दाद देत नाही, बदलता भार त्याला लागतो, हे १९८० च्या दशकातच प्रयोगांतून दिसलं होतं. म्हणून आठ-दहा तास मांडी घालून विडी वळणं हे कितीही कष्टाचं असलं, तरी हाडांच्या दृष्टीने ती विश्रांतीच ठरते. पाठ मोडते आणि हाड वाढत नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत रजोनिवृत्तीनंतरच्या, हाडांची घनता कमी असलेल्या स्त्रियांनी देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा अर्धा अर्धा तास जड वजनं उचलली आणि उड्यांचे व्यायाम केले. आठ महिन्यांत त्यांच्या मणक्यांची घनता वाढली. आपल्याकडच्या महिला मंडळांत योगासनं होतात, ती चांगलीच आहेत, पण पन्नाशीच्या बाईने वजन उचलू नये हा समज आता सोडायला हवा. मात्र हाड आधी मोडलं असेल, तर डॉक्टरांना विचारूनच.

हाडांवरच्या संशोधनातली एक अलीकडची गोष्ट आयांची आहे. अंगावर दूध पाजणारी आई बाळासाठी रोज स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम देत असते. सहा महिन्यांत तिच्या मणक्यांची घनता काही टक्क्यांनी घटते आणि दूध सुटल्यावर बहुतेक भरून येते. त्या काळात हाडांना जपणारं इस्ट्रोजेन कमी असूनही तिची हाडं पूर्ण ढासळत का नाहीत, हे कोडं होतं. २०२४ च्या जुलैमध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेतल्या हॉली इंग्रॅहम यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये त्याचं उत्तर दिलं. दूध पाजणाऱ्या मादी उंदरांच्या मेंदूतून सीसीएन३ नावाचं संप्रेरक सुटतं आणि ते हाड बांधायला लावतं. माणसांतला उपचार अजून दूर आहे. पण निसर्गाने आईच्या हाडांची काळजी एवढी घेतली आहे, हे समजल्यावर ताटात तिच्या वाट्याला काय येतं याकडे पाहवत नाही.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, दूध पाजणाऱ्या आईला १२००. आपली मालदांडी ज्वारी पोटाला आणि साखरेला उत्तम, पण १०० ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम जेमतेम २५-३० मिलिग्रॅम. त्याच वजनाच्या नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. सोलापुरात नाचणी रुजलेली नाही, पण तीळ रुजलेले आहेत. सालासकट तिळांत १०० ग्रॅमला हजाराच्या वर कॅल्शियम असतं, पॉलिश केलेल्या पांढऱ्या तिळांत मात्र ते फारच कमी. भोगीच्या बाजरीच्या भाकरीवर आपण तीळ थापतो, ते वर्षभर का थापू नयेत? शेंगाचटणीत चमचाभर भाजलेले तीळ घालायला फार खर्च येत नाही. डॉ. खाडिलकर यांच्या पुण्याच्या संस्थेने गरीब वस्तीतल्या लहान मुलांना कॅल्शियमयुक्त लाडू देऊन पाहिले होते. त्या मुलांच्या हाडांत खनिजं अधिक भरली.

राहिला प्रश्न पुडीचा. ६०,००० युनिटची ‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी आता चहाइतकी सर्रास झाली आहे. अमेरिकेतल्या सुमारे २६ हजार निरोगी, मध्यमवयीन आणि वृद्ध लोकांवरच्या चाचणीत रोज २००० युनिट घेऊनही हाडं मोडण्याचं प्रमाण घटलं नाही, असं २०२२ मध्ये दिसलं. त्यांच्यात कमतरता फारशी नव्हतीच. २०१० मधल्या ऑस्ट्रेलियन चाचणीत तर सत्तरी ओलांडलेल्या स्त्रियांना वर्षातून एकदम पाच लाख युनिट दिल्यावर पडणं आणि हाड मोडणं दोन्ही वाढलं. म्हणून ज्याला कमतरता आहे त्याला औषध हवंच, पण मनानं महिनोन्‌महिने पुड्या घेऊ नयेत. रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर ताण येतो.

सोलापूरजवळच्या कुंभारीला २००६ मध्ये विडी कामगार स्त्रियांसाठी कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. तिथल्याच रे नगरमध्ये जानेवारी २०२४ मध्ये असंघटित कामगारांना पंधरा हजार घरं मिळाली. दोन्ही लढून मिळवलेली आहेत. आता त्याच जिद्दीने पुढची मागणी व्हावी. आरोग्य शिबिरात रक्तदाब आणि साखरेबरोबर बायकांना दोन प्रश्न विचारले जावेत: बसल्यावर हाताचा टेकू न घेता उठता येतं का, आणि मांड्या-बरगड्या दुखतात का? उत्तर काळजीचं आलं तर कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज आणि ‘ड’ जीवनसत्त्व या तपासण्या मोफत व्हाव्यात. वसाहतीत बायकांना पदर सैल करून निवांत बसता येईल अशी आडोशाची, पण उन्हाची जागा असावी. आणि वाचकहो, तुमच्या घरात आई, मावशी, अक्का अशी कुणी ‘कंबर धरली’ म्हणत असेल, तर या आठवड्यात तिला दवाखान्यात घेऊन जा.