सोंग घरातच शिवलेलं बरं

३१ ऑक्टोबर जवळ आला की वाद ठरलेला. हॅलोविन आपलं की परक्यांचं, यावर समाजमाध्यमांत दोन-तीन दिवस हमरीतुमरी होते. त्याच दिवसांत पालघर-बोईसरच्या गृहसंकुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘मुलांना भुतांच्या वेशात खाली पाठवा’ असा निरोप फिरतो आणि आईवडील मोबाइलवर काळे झगे शोधू लागतात. पार्सल येतं, मुलं तासभर मिरवतात, फोटो निघतात. सण कुणाचा यावर सगळे बोलतात. झगा कुणी शिवला हे मात्र कुणी विचारत नाही.

खरं तर तोच प्रश्न महत्त्वाचा आहे. पाकिटातून येणारा पोशाख बहुधा झिरझिरीत पॉलिएस्टरचा असतो. कडा दुमडलेल्या नसतात, टीप एकेरी असते आणि मापाच्या जागी नुसतं वय छापलेलं असतं. बगलेत उसवला की तो कचऱ्यात जातो. घरात कात्री, सुई, आजीचं शिलाई मशीन आणि जुन्या चादरी असताना हे विकत आणण्याची सवय लागली, याची काळजी वाटायला हवी. पालघर जिल्ह्यात तर अधिकच, कारण अख्ख्या कुटुंबाने मिळून वेश तयार करण्याची फार मोठी परंपरा याच जिल्ह्यात आहे.

बोईसरहून मनोर, विक्रमगड करत घाट चढून जव्हारला गेलं की बोहाड्याचा मुलूख सुरू होतो. जव्हार, मोखाडा आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यातला पेठ-सुरगाण्याचा पट्टा इथे होळीनंतर, पाऊस सुरू होण्याआधी, गावोगावी बोहाडा होतो. गावागणिक तिथी वेगळी. शेतीची कामं थांबलेली असतात, रात्री मोकळ्या असतात. कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकर अशा समाजांची माणसं मुखवटे चढवून सांबळ आणि पिपाणीच्या तालावर रात्रभर सोंगं नाचवतात. आधी गणपती, मग मोरावर बसलेली सारदा, आणि त्यामागून रामायण-महाभारतातले देव-दानव: नरसिंह, भीम, हिडिंबा, त्राटिका, कुंभकर्ण, रावण. त्यांच्याबरोबर वेताळ, म्हसोबा, खंडोबाही येतात. शेवटी जगदंबा आणि महिषासुराचं युद्ध. मोखाड्याचा जगदंबा उत्सव म्हणजे असाच मोठा बोहाडा, आणि तो पाहायला दूरदूरच्या पाड्यांवरून लोक येतात.

या उत्सवात संवाद जवळपास नसतातच. जे सांगायचं ते मुखवटा, कपडा आणि पावलं सांगतात, त्यामुळे कपड्याला मोठं काम असतं. सारदा नाचणारा पुरुष घरातल्याच बाईचं लुगडं नेसतो आणि कमरेला मोराचा सांगाडा बांधतो. मुखवट्याखाली डोक्याला फडकं घट्ट गुंडाळावं लागतं, नाहीतर कडा कपाळाला रुततात. रावणासारख्या अनेक तोंडांच्या सोंगाचा पसारा तर एकट्याला सावरत नाही, मागे आधाराला माणूस लागतो. म्हणजे नाचणारा एक असला तरी सोंग उभं करायला घर लागतं. कुणी लुगडं देतं, कुणी गाठी मारतं, कुणी रंगाचा हात फिरवतं.

आणि सोंग कुणाचं, हेही ठरलेलं असतं. अनेक गावांत ठरावीक सोंगाचा मान ठरावीक घराण्याकडे चालत आलेला आहे. बापाने नाचवलेला भीम मुलगा नाचवतो. मुखवटा काही ठिकाणी देवळात राहतो, काही ठिकाणी त्या घरात. त्याची पूजा होते आणि उत्सव आला की डागडुजी होते. पूर्वी मुखवटे लाकडातून कोरत. पुढे कागदाचे आले. मातीच्या साच्यावर खळ लावून कागदाचे थर चढवायचे, वाळले की साचा सोडवायचा, मग रंग. जव्हार परिसरातले कारागीर आजही असे मुखवटे करतात आणि हौशी लोक ते भिंतीवर लावायला नेतात. पण भिंतीवरचा मुखवटा अर्धाच असतो. त्याच्याखाली कपडा आणि कपड्यात घाम गाळणारा माणूस आला की तो पुरा होतो.

वेश घेऊन फिरणं आपल्याला नवीन नाही, याला पुरावे हवे तेवढे आहेत. दारोदार हिंडणारे बहुरूपी होते, रत्नागिरीकडच्या शिमग्यात काळ्या झग्याचा, उंच टोपीचा, पांढऱ्या दाढीचा संकासुर अजूनही मुलांच्या मागे धावतो. गोव्यात नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री गल्लोगल्ली नरकासुर उभे राहतात. २०२४ मध्ये तर नरक चतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी, ३१ ऑक्टोबरला आले होते. वसई आणि मुंबईच्या ख्रिस्ती वस्त्यांत मुलं वर्षअखेरीला जुन्या कपड्यांत पेंढा भरून ‘म्हातारा’ करतात आणि ३१ डिसेंबरच्या रात्री तो जाळतात. तेव्हा भुताचा वेश घातल्याने संस्कृती बुडेल, ही भीती सोडून द्यावी.

हॅलोविनचाही इतिहास घरच्या शिवणाचाच आहे. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये मुलं घरातले जुने कपडे उलटेसुलटे घालून, तोंडाला काजळी फासून दारोदार जात. तिथून गेलेल्या लोकांबरोबर ही चाल अमेरिकेत गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डेनिसन नावाच्या कंपनीने क्रेप कागद विकण्यासाठी घरी पोशाख कसे करावेत याच्या पुस्तिका काढल्या. पहिली १९०९ मध्ये निघाली. बटरिकसारख्या कंपन्या कागदी कटिंग विकत, बायका त्यावरून मुलांचे झगे बेतत. पुढे १९३० च्या दशकात बेन कूपर ही ब्रुकलिनची कंपनी खोक्यातले तयार पोशाख घेऊन आली, सोबत मुखवटा. युद्धानंतर चित्रपट आणि दूरदर्शनवरच्या पात्रांचे हक्क घेऊन असे पोशाख लाखोंनी विकले गेले. अमेरिकेला जे घडायला अर्धं शतक लागलं, ते आपल्याकडे दहा-बारा वर्षांत उरकलं. इथे घरचा टप्पा आलाच नाही, थेट पाकीट आलं.

यातला एक धोका हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेत मुलांचे काउबॉय पोशाख निघाले होते, लवदार रेयॉनचे. ठिणगी पडताच ते भडकत. अनेक मुलं होरपळली आणि त्यानंतर १९५३ मध्ये तिथे ज्वालाग्राही कापडांविरुद्ध कायदा झाला. इतक्या वर्षांनंतर, २०१४ च्या हॅलोविनला, ब्रिटनमधल्या एका प्रसिद्ध टीव्ही निवेदिकेच्या मुलीचा चेटकिणीचा झगा मेणबत्तीला लागून पेटला. मुलगी गंभीर भाजली. तेव्हा उघड झालं की असे पोशाख तिथे कपडे म्हणून नाही, तर खेळणी म्हणून तपासले जात होते, आणि खेळण्यांची आगीची कसोटी मुलांच्या रात्रीच्या कपड्यांपेक्षा सौम्य होती. आपल्याकडे तर हा हंगाम पणत्यांचा आणि फुलबाज्यांचा. घेरदार नेटचा फ्रॉक घालून मूल उंबऱ्यावरच्या पणतीशेजारी उभं राहतं, तेव्हा घरातल्या मोठ्यांनी एवढं तरी माहीत करून घेतलं पाहिजे.

कापड ओळखणं सोपं आहे. मोठ्या माणसाने, पाण्याची बादली जवळ ठेवून, कापडाचा एक धागा चिमट्यात धरून ज्योतीवर न्यावा. सुती धागा जळतो, कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर आकसतं, वितळतं आणि काळा कडक मणी होतो. हाच वितळलेला मणी अंगाला चिकटतो. सुतीही पेटतं, त्याबद्दल गैरसमज नको, पण ते वितळून कातडीला धरत नाही. जाड, घट्ट विणीचं कापड सावकाश पेटतं. झिरझिरीत आणि घोळदार पटकन. म्हणून मांजरपाट, पोपलीन, जुनी चादर चांगली. नेट आणि स्वस्त सॅटिन टाळावं. तारापूर एमआयडीसीत सियारामसारख्या कंपन्यांचं कापड तयार होतं, तिथे काम करणारी माणसं बोईसरच्या चाळीचाळींत राहतात. धागा कोणता आणि तो कसा वागतो हे त्यांना विचारावं. वस्त्रोद्योगाच्या गावाने मुलांचं कापड डोळे मिटून मागवावं, हे पटत नाही.

आता शिवायचं काय? अमेरिकी भोपळ्याचीच नक्कल हवी असं नाही. मराठी भुतांचा पसारा मोठा आहे, प्रत्येकाची ओळखखूण ठरलेली आहे आणि ती शिवायला सोपी आहे. २०२४ मध्ये ‘मुंज्या’ चित्रपट आल्यापासून मुंजा मुलांना ठाऊक आहे. मुंजीनंतर, सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा, राहायला पिंपळावर. जुन्या पांढऱ्या पंच्याचं आखूड धोतर, सुती दोऱ्याचं जानवं आणि काळ्या लोकरीची शेंडी रबरी पट्टीला शिवली की मुंजा तयार. हडळीची पावलं उलटी असतात. त्यासाठी जुन्या मोज्यांच्या टाचेला मागच्या बाजूने कापडी बोटं शिवायची, आत चिंध्या भरायच्या. मूल चालू लागलं की मागून पाहणारा दचकतो. वर जुनी फिकी साडी, पण पायात अडकणार नाही इतकी आखूड. सगळ्यात रुबाबदार वेताळ, भुतांचा राजा, तो आजोबांना द्यावा. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीच्या वेतोबाला, म्हणजे वेताळालाच, भाविक चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. तशा चपला पुठ्ठ्याच्या करून हातात धरल्या आणि खांद्यावर घोंगडी टाकली की बाकी फार लागत नाही. मुखवटा करायचा तर जुन्या वर्तमानपत्राचे कपटे आणि गव्हाच्या पिठाची खळ फुगवलेल्या फुग्यावर चढवावी, थर पूर्ण वाळू द्यावेत. डोळ्यांची भोकं मोठी ठेवावीत. लहान मुलांना मुखवट्याऐवजी चेहऱ्यावर रंगच बरा, समोरचं नीट दिसतं.

ज्यांना चेटकीणच व्हायचं आहे त्यांच्यासाठी झगा आणि टोपी. खांद्यावरचा झगा अर्धगोल बेतावा. बावीस इंच उंचीसाठी कापडाच्या काठावर मध्यबिंदू धरून पंचवीस इंचांची त्रिज्या घ्यावी, मध्ये गळ्याचे तीन इंच. चव्वेचाळीस इंची पन्ह्याचं दीड मीटर कापड पुरून उरतं. गोल कडेला तिरकी पट्टी लावावी म्हणजे घेर नीट पडतो. गळ्याशी नाडी बांधू नये. झगा कुठे अडकला तर नाडीने गळा आवळतो. टिचबटण किंवा वेल्क्रो लावावं, ओढ बसताच ते सुटतं. टोपीला आतून बकरम घालावं, कोणत्याही टेलरकडे मिळतं, नाहीतर शंकू दोन तासांत मान टाकतो. शिवण नवीन असेल तर मुलाचाच एखादा सैल कुडता कापडावर पसरून, दीड इंच जास्त धरून कापावं. मशीन नसलं तरी चालतं. दुहेरी दोऱ्याची बारीक धावदोऱ्याची शिलाई एका संध्याकाळला पुरते.

साडेपाच मीटरच्या एका जुन्या सुती साडीत दोन मुलांचे झगे आणि वर एक ओढणी सहज निघते. पण बचत हे यातलं दुय्यम कारण आहे. सात-आठ वर्षांचं मूल बटण लावायला, काठ दुमडायला, रंग भरायला बसतं तेव्हा ते त्या वेशाचं मालक होतं. बोहाड्यातला भीम त्या घराण्याचा असतो, तो याच अर्थाने.

हा विचार या जिल्ह्यात कुणी शिकवलाच नाही असंही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. महागडं परदेशी शैक्षणिक साहित्य त्यांना परवडणारं नव्हतं आणि आदिवासी मुलांच्या ओळखीचंही नव्हतं. मग पानं, बिया, शंखशिंपले, माती, चिंध्या यांतून बालवाडीचं साहित्य उभं राहिलं. मुलाच्या अवतीभवती जे आहे त्यातूनच त्याचा हात तयार होतो, हे त्या दोघींनी करून दाखवलं. ताराबाईंना पद्मभूषण मिळालं, अनुताईंना पद्मश्री. त्यांच्या जिल्ह्यातल्या बालवर्गांत आज वेशभूषा स्पर्धेला भाड्याचे कपडे घालून मुलं रांगेत उभी राहतात, हे सलतं.

यात दोष पालकांचा कमी आहे. कंपनीच्या पाळीवरून रात्री परतणाऱ्या आईला ‘परवा मुलांना वेशभूषा करून पाठवा’ असा निरोप मिळाला, तर ती भाड्याचं किंवा तयारच आणणार. म्हणून शाळांनी आणि गृहसंकुलांच्या समित्यांनी एवढं करावं: हॅलोविन असो, बालदिन असो की आषाढीची दिंडी, निरोप पंधरा दिवस आधी द्यावा आणि बक्षीस घरी शिवलेल्या वेशालाच ठेवावं. संकुलात शिवणकाम जाणणारी एखादी काकू असतेच, तिला एका रविवारी मशीन घेऊन खाली बसवावं आणि मुलांना तिच्याभोवती जमवावं. आणि होळीनंतर जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा लागेल, तेव्हा याच मुलांना एक रात्र तिकडे घेऊन जावं.